सात जोड्या

आल्डसाइल गावात घरटं हुडकण्यात वोपकेचा हात धरणारा कुणी नव्हता. कुरणातून टिटवी उठली की बाकीचे तिच्याकडे बघायचे. वोपके ती जिथून उठली त्या गवताकडे बघायचा. उठण्याआधी ती चार पावलं चालली की सरळ उडाली, एवढ्यावरून त्याला अंदाज यायचा. मग हातातली लांब काठी दोन कुरणांमधल्या पाण्याच्या चरात रोवायची, तिच्यावर अंग झोकून पलीकडे उतरायचं आणि नेमकं घरट्यापाशी जाऊन उभं राहायचं. सत्तरी गाठली तरी काठी सुटली नव्हती.

"एक दिवस चरात पडशील," त्याची बायको रिंस्के म्हणायची, "आणि मला सूप एकटीनं प्यावं लागेल. बरंय म्हणा. निदान मीठ माझ्या मनासारखं पडेल."

तरुणपणी या गावातले सगळेच अंडी गोळा करत आणि खातही. वसंतातलं पहिलं अंडं ज्याला सापडेल तो वर्षभर छाती काढून हिंडे. पुढं कायदा बदलला, अंडी उचलायला बंदी आली, आणि अंडी खाणारे ते अंडी राखणारे झाले, तेवढ्याच हौसेनं. घरटं सापडलं की त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूची एकेक काठी रोवायची, म्हणजे गवत कापणाऱ्याला ते दिसतं. या राखणदारांचा म्होरक्या वोपके.

आणि गवत कापणाराही वोपकेच. तो त्याचा पोटापाण्याचा धंदा. ट्रॅक्टर त्याचा, नांगर त्याचा, चर खणायचं यंत्रही त्याचं. गावातले निम्मे शेतकरी आपली कामं त्याच्याकडूनच करून घेत. एप्रिलमध्ये जो माणूस गवतात गुडघे टेकून काठ्या रोवायचा, तोच मे महिन्यात भलीमोठी पाती घेऊन त्याच कुरणात उतरायचा. "वोपकेचा एक हात पाळणा हलवतो आणि दुसरा कोयता," असं कॅफेत म्हणत. तोही हसायचा. काठ्या दिसल्या की तो पाती उचलायचा आणि घरट्याभोवती गवताचा एक झुपका तसाच उभा ठेवायचा. कापलेल्या कुरणात ते झुपके बघून त्याला फार बरं वाटायचं. त्याच्या पात्याखाली एकही घरटं गेलं नव्हतं, आणि ही थाप नव्हती.

मोजणी अशी असायची: घरटी किती सापडली आणि त्यातल्या किती अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. दोन्ही आकडे कॅफेतल्या काळ्या फळ्यावर. मे महिन्याच्या मध्यावर राखणदारांचं जेवण व्हायचं, मोहरीचं सूप, लोणी लावलेला साखरपाव, कडवट जडीबुटीची दारू, आणि हंगाम संपला. दुसऱ्या दिवसापासून मुरघासासाठी गवत कापायची घाई. पिल्लांचं पुढं काय होतं हे कुणी मोजत नसे. काठी रोवलेलं घरटं जागचं हलत नाही. पिल्लू जन्मल्या दिवशीच पळायला लागतं, त्याच्यामागं कोण धावणार?

टिटव्या अजून बऱ्यापैकी होत्या. खरं कौतुक होतं ते स्क्रीसचं. लांब चोचीचा, विटकरी मानेचा हा पक्षी हिवाळा आफ्रिकेत काढतो आणि मार्चमध्ये आपल्याच जुन्या कुरणात येऊन उतरतो. आजूबाजूच्या गावांत स्क्रीस दिसेनासे झाले होते. आल्डसाइलमध्ये मात्र त्रीन नावाच्या शेतकरणीच्या मोठ्या कुरणात सात जोड्या. गेल्या वर्षी सात, त्याच्या आदल्या वर्षी सात. फळ्यावरचा तो आकडा पुसायचीसुद्धा गरज पडत नसे.

मोठ्या कुरणाशी वोपकेचं नातं जुनं होतं. त्रीनचे वडील हेस्सेल हे त्याचे मित्र. त्यांच्या काळी या कुरणात एप्रिलपर्यंत घोट्याएवढं पाणी साचून राहायचं आणि मे महिन्यात गवतापेक्षा फुलंच जास्त दिसायची: पिवळी लोणीफुलं, तांबूस तुऱ्यांचा आंबट चुका, फिकट जांभळी रानफुलं. दिसायला झकास, पण गाईंना पुरायचं नाही. हे सगळं नांगरून, चर खोल करून, चांगल्या राय गवताचं बी पेरावं, असं वोपकेनंच सुचवलं. हेस्सेल बरेच दिवस का-कू करत होते. मागल्या दाराशी लाकडी बूट काढता काढता एकदा ते म्हणाले, "आणि पक्ष्यांचं काय रे?"

"पक्षी कुठं जातायत? गवत ते गवत. मी मोजतोय ना दर वर्षी. एक जरी जोडी कमी झाली तर पहिलं तुला सांगेन. शब्द."

त्या शब्दावर हेस्सेलनी कुरण नांगरू दिलं. वोपकेनं चर असा खणला की दोरी लावून कापल्यासारखा, दोन्ही काठ उभे, चोपून गुळगुळीत. दुसऱ्या वर्षापासून हिरवंगार गवत, वर्षाला पाच कापण्या. आणि स्क्रीस? ते आलेच की. सात जोड्या.

आणखी एक बदल झाला होता. पूर्वी मे महिन्यात संध्याकाळी ट्रॅक्टर घरी आला की पुढची काच किड्यांनी बरबटलेली असायची. रिंस्केनं त्यासाठी व्हिनेगरची बाटली आणि एक फडकं वेगळं ठेवलं होतं. हळूहळू त्या फडक्याचं काम कमी झालं, मग संपलंच. वोपकेला त्याचं बरंच वाटलं. काच स्वच्छ राहते, कुणाला नको असतं?

यंदाच्या एप्रिलमध्ये मार्लेन आली. विद्यापीठातली, तिशीची, कायम पायात रबरी बूट आणि गळ्यात दुर्बीण. स्क्रीसच्या पायांत पूर्वी कुणीकुणी रंगीत कड्या घातल्या होत्या. दुर्बिणीतून त्या कड्यांचे रंग वाचले की कुठला पक्षी कुठला आणि किती वयाचा ते कळे. पंधरवडाभर ती त्रीनच्या कुरणाच्या बांधावर बसून होती. मग एके सकाळी कॉफीच्या वेळेला वोपकेच्या स्वयंपाकघरात आली, रिंस्केनं पुढं केलेला साखरपाव तिनं घेतला आणि तो न खाता हातातच धरून ठेवला.

"सात जोड्या आहेत. तुमचं मोजणं अगदी बरोबर आहे."

"मग? फळ्यावर खोटं लिहितो की काय मी?"

"पण त्या त्याच सात आहेत, वोपके. ज्यांच्या पायांत कड्या आहेत त्यांतला सगळ्यात तरुण सोळा वर्षांचा. एकीला कडी घातली तेव्हा मी शाळेत जात होते. नवं, तरुण कुणीच नाही."

"चांगल्या घरचे पाहुणे दीर्घायुषी असतात," वोपके म्हणाला.

"तुमच्या चर्चमध्ये रविवारी किती जण येतात?" मार्लेननं विचारलं.

"वीसेक," रिंस्केनं उत्तर दिलं. "गेली कितीतरी वर्षं वीसच. गळती नाही हो आमच्याकडं, बाकीच्या गावांत बघा..." आणि ती बोलता बोलता थांबली. मग कॉफीची किटली खाली ठेवत म्हणाली, "आणि त्यात सगळ्यात लहान मी आहे."

वोपकेला राग आला. कालची पोरगी, टिटवी कुठून उठते हे हिला दिसत नाही, आणि ही मला शिकवणार! तो म्हणाला, "अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात. मी स्वतः टरफलं बघतो."

"येतात," मार्लेन म्हणाली. "पुढं त्यांचं काय होतं, ते मे संपताना माझ्याबरोबर येऊन बघा."

त्याआधी राखणदारांचं जेवण झालं. फळ्यावर सात लिहिलेलंच होतं, टाळ्या पडल्या. त्रीन उभी राहिली. पंचेचाळिशीची, बापासारखीच रुंद खांद्यांची, बोलायला लागली की लाल होणारी. ती म्हणाली, "मी वोपकेंच्या जिवावर शेती करते. बाबा गेल्यावर मला भीती होती की माझ्या हातून पक्षी जातील. पण वोपके मोजतात म्हणून मी निवांत झोपते." मग तिनं सांगितलं की चर्चमागचं जुनं कुरण, जे हेस्सेलनी तसंच ठेवलं होतं, तेही आता ती मोठ्या कुरणासारखं करणार. गाईंना चारा कमी पडतोय. "आणि पक्ष्यांनाही नवीनच आवडतं. सातही जोड्या मोठ्या कुरणात. चर्चमागं काठी रोवलेली कुणी बघितलीय का कधी? नांगराला वोपके आहेतच. काय हो, ऑगस्टअखेर जमेल ना?"

सगळे त्याच्याकडे बघून हसत होते. "जमेल की," तो म्हणाला.

चर्चमागं काठ्या नव्हत्या याचं कारण साधं होतं. ते कुरण जुलैपर्यंत कापतच नसत, म्हणून तिथं घरटी शोधायला कुणी जात नसे. हे वोपकेला त्याच क्षणी बोलता आलं असतं. त्यानं सूपमध्ये पाव बुडवला.

मे संपताना तो मार्लेनबरोबर मोठ्या कुरणात उतरला. पहिली कापणी होऊन पुन्हा हिरवं फुटलं होतं.

"पिल्लं जिवंत असली की आई-बाप गप्प बसत नाहीत," मार्लेन म्हणाली. "डोक्यावर घिरट्या घालतात, ओरडून ओरडून कान किटवतात. ज्या कुरणात आपल्याला शिव्या बसतात ते चांगलं कुरण."

हे वोपकेला शिकवायची गरज नव्हती. त्याच्या तरुणपणी मे महिन्यात कुरण ओलांडायचं म्हणजे टोपी घट्ट धरून पळावं लागे. ते दोघं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. लांब पाण्याच्या डबक्याशी चार-पाच स्क्रीस एका पायावर उभे होते. एकानंही मान वळवून पाहिलं नाही.

आणि वोपकेला एक जुनी दुपार आठवली. आठवली म्हणणंही खोटंच. ती कधी विसरली नव्हती. हेस्सेल तेव्हा होते. असाच मे अखेर, याच कुरणात कसलासा कचरा अडकून ट्रॅक्टर बंद पडला होता. तो खाली उतरला, इंजिनाचा आवाज अडवणारे कानावरचे ठोकळे काढले, आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही. कुरणाच्या मधोमध उभ्या माणसावर मे महिन्यात एकही पक्षी ओरडत नाही, याचा अर्थ त्याला आत कुठंतरी कळला होता. त्यानं कचरा काढला, कानावर ठोकळे चढवले आणि इंजिन सुरू केलं. हेस्सेलना काही सांगितलं नाही. जोड्या सात होत्या ना? शब्द तर जोड्यांचा दिला होता.

मार्लेननं लाकडाची एक चौकट गवतावर ठेवली आणि आत किती तऱ्हेच्या वनस्पती आहेत ते मोजलं. राय गवत, आणि कोपऱ्यात एक पिवळं रानफूल. मोजणी तिथंच संपली. मग तिनं गवतावरून जाळं फिरवलं. त्यात दोन माश्या आल्या.

"पिल्लाला आई भरवत नाही," ती म्हणाली. "आपलं आपण टिपून खायचं, दिवसभर, हजारो किडे. फुलं गेली की किडे गेले, आणि किडे गेले की पिल्लू चार दिवसांत जातं. त्यात हे गवत ब्रशसारखं दाट. पावसात त्यातून चालताना भिजूनच गारठतात."

चराच्या काठाशी एक स्क्रीस ओरडत होता. पण यांच्यावर नव्हे. तो पलीकडे, चर्चमागच्या कुरणाच्या बाजूला उभा राहून खाली चराकडे बघून हाका मारत होता. वोपके काठावर पालथा पडला. खाली पाण्याच्या कडेला एक पिल्लू उभ्या, चोपलेल्या मातीवर पाय मारत होतं आणि घसरत होतं. त्याच्याशेजारी दुसरं तरंगत होतं, ते हलत नव्हतं. त्यानं हात घालून पहिल्याला उचललं. बोटाएवढं अंग आणि नुसते पाय. काठीच्या आधारानं पलीकडे नेऊन सोडल्यावर ते गवतात दिसेनासं झालं.

"अन्न तिकडं आहे हे त्यांना कळतं," मार्लेन म्हणाली. "इथून चालत निघतात. चराच्या कडा उतरत्या असत्या तर..." ती थांबली. चर कुणी खणला हे तिला तोपर्यंत माहीत नव्हतं; वोपकेच्या चेहऱ्यावरून कळलं.

तो तसाच चर्चमागच्या कुरणात आत शिरला आणि चार पावलं गेला नाही तोच डोक्यावर आरडाओरडा सुरू झाला. एक जोडी थेट त्याच्या टोपीवर येत होती. मार्लेननं लांबूनच दुर्बीण लावली.

"ही आठवी जोडी! फळ्यावर नाही ही. मादीच्या पायात कडी आहे... चार वर्षांची, वोपके. याच कुरणात जन्मलेली!"

चौकट इथंही ठेवली. मार्लेन एकेक नाव घेत मोजत राहिली, थरमासमधली कॉफी गार झाली तरी तिचं मोजणं चाललंच होतं. वोपके टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याला शिव्या बसत होत्या आणि त्याचे डोळे भरून आले होते. आयुष्यभर तो घरट्यांभोवती गवताचे झुपके राखत आला, आणि त्या झुपक्यांच्या बाहेर त्यानं स्वतःच्या हातांनी सगळा संसार नांगरून टाकला. सांभाळली ती टरफलं.

निघताना मार्लेननं विचारलं, "त्रीनना मी सांगू की तुम्ही?"

"मी," वोपके म्हणाला. "ती पाळण्यात होती तेव्हापासून मी तिला ओळखतो. तिच्या बापाला मी शब्द दिला होता. माझ्याच तोंडून कळू दे."

मार्लेनला ते बरोबर वाटलं. जुलैमध्ये स्क्रीस दक्षिणेला निघाले, त्यांच्या मागोमाग तीही गेली.

सांगायचं म्हणजे काय, मागल्या दारानं आत जायचं, बूट काढायचे, कॉफीला बसायचं आणि बोलायचं. वोपके पहिल्यांदा गेला तेव्हा त्रीनची एक गाय अडली होती. दुसऱ्यांदा गेला तेव्हा काहीच अडलं नव्हतं. त्रीननं कॉफी ओतली, भिंतीवरचा हेस्सेलचा फोटो पुसत म्हणाली, "बाबा असते तर सात ऐकून खूश झाले असते." वोपकेनं हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि तो उठला. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायला गेलं की त्याची बोटं आखडायची.

मग त्याला एक युक्ती सुचली. भित्र्या माणसाला सुचते तशीच. ऑगस्ट लागला आणि त्याची कंबर दुखू लागली. नांगर जोडायला वाकणं जमेना. राय गवताची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच करता येते. तेवढे दिवस निघाले की या वर्षी नांगर पडत नाही. म्हणजे कुरण वाचतं. हिवाळ्यात मार्लेनचा अहवाल येईलच, त्यातून त्रीनला आपोआप कळेल, आणि त्याला तिच्या डोळ्यांत बघून काही सांगावं लागणार नाही.

"आज कुठली बाजू?" शेकाची पिशवी हातात घेऊन रिंस्के विचारायची.

"डावी."

"काल उजवी होती."

"फिरते ती."

"फिरते, हो. दिवसभर घरातल्या घरात फिरत असते, त्रीनच्या दाराकडं तेवढी जात नाही." ती पिशवी त्याच्या मांडीवर टाकायची. "सांगून टाक रे वोपके. ती काय तुला खाणार आहे? खाल्लं तरी चावणं अवघड आहे तुझं."

"सोमवारी सांगतो."

"कुठल्या?"

बेकरीत त्रीन भेटली. तो काठी टेकत उभा होता, तेवढं सोंग आणावंच लागे. "कंबर सांभाळा हं," ती म्हणाली. "नांगरटीची काळजी करू नका. माझं मी बघते."

माझं मी बघते. वोपकेनं त्याचा अर्थ 'पुढल्या वर्षी बघू' असा घेतला, कारण त्याला तो हवा होता. घरी येताना तो सायकलवर शीळ घालत होता. रिंस्केनं खिडकीतून ते बघितलं आणि शेकाची पिशवी भरायला घेतली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तो अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता, तेव्हा त्याला चर्चच्या मागं आकाशात समुद्रपक्षी दिसले. पांढरे, शेकड्यांनी, खालीवर घिरट्या घालणारे. ते का जमतात हे इथं लहान मुलालाही माहीत असतं. ताज्या उलटलेल्या मातीतले किडे खायला ते नांगराच्या मागं मागं येतात.

दाण्याचं भांडं तिथंच टाकून तो सायकलवर बसला. कंबरेनं एक हूंसुद्धा केलं नाही.

तो पोचला तेव्हा काम संपलं होतं. शेजारगावचा एक मोठा ट्रॅक्टर फाटकाशी उभा राहून नांगर दुमडून घेत होता. चराच्या काठापासून चर्चच्या भिंतीपर्यंत काळी माती तेलकट चमकत होती आणि तिच्यावर पांढरे पक्षी चालत होते. कडेला फुलांची एक फाटकी पट्टीही राहिली नव्हती. ड्रायव्हर हुशार होता, कडा अगदी सरळ काढल्या होत्या.

त्रीन थरमास घेऊन फाटकाशी उभी होती. वोपकेला बघून तिचा चेहरा फुलला.

"अरे! तुम्हाला कुणी सांगितलं? मी मुद्दामच बोलले नव्हते. म्हटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही कंबरेला पट्टा बांधून यायचात. तुमचा स्वभाव ठाऊक नाही का मला?" तिनं झाकणात कॉफी ओतून पुढं केली. "बाबांसाठी एवढं केलंत, आता माझ्यासाठी मोडून घ्यायचं नाही. बघा ना, किती छान झालंय. आणि तुमच्या पक्ष्यांना मोठं कुरण आहेच. सात जोड्या. हो ना?"

तिनं हसत विचारलं होतं. 'हो' म्हणून कॉफी प्यायली असती तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. वोपकेनं झाकण हातात घेतलं आणि परत तिच्या हातात दिलं.

"म्हाताऱ्या आहेत त्या, पोरी," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. कड्या, चौकट, माश्या. चरातलं पिल्लू. चर त्यानंच खणला होता हे तिला माहीत होतं, तरी तेही सांगितलं. मोठ्या कुरणात अंड्यांतून बाहेर आलेलं एकही पिल्लू तिथं जगत नव्हतं, फक्त आई-बापच दर वर्षी परत येत होते, आणि तो त्यांनाच मोजून टाळ्या घेत होता. आठवी जोडी इथं होती. इथं म्हणताना त्यानं मातीकडे हात केला. त्यानं स्वतःला काही सूट दिली नाही.

ट्रॅक्टर निघून गेला. त्रीननं झाकणातली कॉफी परत थरमासमध्ये ओतली आणि झाकण लावलं. तिला ते दोनदा लावावं लागलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"मे महिन्यापासून." मग तो म्हणाला, "नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून. हेस्सेल होता तेव्हापासून."

"बाबांना सांगितलं होतं?"

"नाही."

तिनं मातीकडे बघितलं. तिचा चेहरा लाल झाला नव्हता, उलट उतरला होता. "वसंतात ती परत येणार ना," ती म्हणाली. "ती चार वर्षांची. याच जागी येणार."

"येणार," वोपके म्हणाला. "त्या दुसरीकडे जात नाहीत."

"परवा मी चाऱ्याचा पुन्हा हिशेब केला होता. यंदा नांगरलं नसतं तरी निभावलं असतं. पण म्हटलं, पक्ष्यांचं काही अडत नाही, तर कशाला थांबायचं?" मग ती त्याच्याकडे वळली. ती ओरडली असती तर त्याला सोसलं असतं. ती लहानपणी विचारायची तशी, खरोखर कळून घ्यायचं म्हणून विचारत होती. "तुम्ही काल का नाही आलात, वोपके? काल काय करत होता तुम्ही?"

काल तो घरीच होता. दिवसभर खुर्चीत बसून कंबरेला शेक देत होता, आणि कंबर जराही दुखत नव्हती.